‘पारंपरिक’ म्हणजे नक्की कोण?

‘लोकगीत – पारंपरिक’ हे दोन शब्द कुठे लिहिलेले दिसले की हल्ली माझं डोकं फिरतं. त्यामुळे आधीच सांगून टाकतो, हा लेख शांत डोक्यानं लिहिलेला नाही. वीकांताला वाचून सोमवारी विसरून जायचा असेल तर खुशाल विसरा, पण एकदा वाचा.

निमित्त झालं एका कंपनीतल्या महाराष्ट्र दिनाच्या कार्यक्रमाचं. कंपनीचं नाव राहू दे, तुमचीही असू शकते. कॅफेटेरियात स्टेज, फेटे बांधलेले मॅनेजर, वडापाव-पन्हं आणि पुण्यातल्याच चार पोरांचा एक बँड. गिटार, कीबोर्ड आणि हौसेनं आणलेली ढोलकी. पोरांनी वाजवलं झकास, त्याबद्दल तक्रार नाही. पहिलं गाणं इंग्रजी होतं. ते कुणी लिहिलं, कुठल्या साली, कुठल्या अल्बममध्ये आहे, सगळं निवेदकानं सांगितलं. दुसरं त्यांचं स्वतःचं, ते कुठल्या ट्रेकवर सुचलं तेही सांगितलं. मग मराठी गाणं आलं आणि मागच्या पडद्यावर स्लाइड उमटली : ‘महाराष्ट्राचं लोकगीत – पारंपरिक’.

गाणं वामनदादा कर्डकांचं होतं. तेच, देशातल्या बड्या उद्योगपतींची एकेक करून नावं घेत, एवढ्या सगळ्या धनात आमचा हिस्सा कुठं गेला असा रोखठोक हिशोब मागणारं. आणि ते कॉर्पोरेट कॅफेटेरियात, एचआरच्या देखरेखीखाली, टाळ्यांच्या ठेक्यावर चाललेलं! ज्यांना हिशोब विचारलाय तेच ताल धरतायत. वामनदादा असते तर पोट धरून हसले असते बहुतेक. पण मला काही हसू आलं नाही. कारण प्रश्न विचारणारा माणूसच तिथून गायब होता. ‘परंपरा’ प्रश्न विचारते म्हटल्यावर कुणालाच उत्तर द्यावं लागत नाही.

तर मुद्दा असा, की आपण ‘पारंपरिक’ हा शब्द फार स्वस्तात वापरतो. आणि ज्यांच्या बाबतीत वापरतो ती माणसं ठरलेली आहेत.

आधी वामनदादा कोण ते बघू

वामन तबाजी कर्डक. जन्म १५ ऑगस्ट १९२२, नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नर तालुक्यातलं देशवंडी गाव. घरची परिस्थिती अशी की शाळा नाही. मुंबईला आले आणि मिळेल ते काम केलं. गिरणी, कोळशाची वखार, रस्त्यावर फिरून विक्री. कुणीतरी पत्र वाचून दाखवायला सांगितलं, ते वाचता येईना, त्याची लाज वाटून अक्षरं शिकायला घेतली अशी त्यांची गोष्ट सांगतात. म्हणजे ज्या वयात आपण इंजिनिअरिंगची बॅकलॉग काढत असतो, त्या सुमारास हा माणूस अक्षरं गिरवत होता. १९४३ साली पहिलं गाणं लिहिलं. तेव्हा गाजत असलेल्या एका हिंदी गाण्याच्या चालीवरचं विडंबन.

तिथून पुढं जवळजवळ साठ वर्षं हा माणूस गाणी लिहीत होता आणि स्वतः गात होता. गावोगाव, वस्तीवस्तीत. गाण्यांची संख्या हजारांत जाते. आंबेडकरी चळवळीची गाणी तर आहेतच, १४ एप्रिलला तुमच्या-माझ्या गावात जे कोटी कुळांच्या उद्धाराचं गाणं हमखास ऐकू येतं ते त्यांचंच. पण तेवढ्यावर थांबलेत असं नाही. लावणीच्या अंगाची गाणी आहेत, गझलेच्या वळणाची आहेत, कष्टकऱ्यांवरची आहेत, मराठी चित्रपटांतही आहेत. आणि बाबासाहेबांच्या माघारी चळवळीत जी फाटाफूट झाली, तिच्यावर स्वतःच्याच माणसांना तोंडावर सुनावणारं एक गाणं आहे. आपल्या लोकांसमोर उभं राहून आपल्या लोकांना असं ऐकवायला काय लागतं, ते आपल्याला टीम मीटिंगमध्ये मॅनेजरसमोर तोंड उघडतानाही कळतं.

‘वाटचाल’, ‘मोहळ’, ‘हे गीत वामनाचे’ असे त्यांचे संग्रह निघाले. १९९३ मध्ये वर्ध्याला पहिलं अखिल भारतीय आंबेडकरी साहित्य संमेलन भरलं, त्याचे ते अध्यक्ष होते. १५ मे २००४ ला नाशिकला गेले.

२००४! पेशवाई नव्हे. तुम्ही-मी तेव्हा शाळेत दप्तर घेऊन जात होतो. जो माणूस आपल्या डोळ्यांदेखत जिवंत होता, त्याचं गाणं ‘पारंपरिक’ कसं होतं, हे मला कुणीतरी समजावून सांगा.

आता अमेरिकेत जाऊन येऊ

आमच्या हापिसात एक ग्रुप आहे. सगळे कानसेन. त्यांना ‘अमेरिकाना’ आवडतं. म्हणजे अमेरिकेतलं कंट्री, फोक, ब्लूज हे सगळं एकत्र कालवलेलं, गिटार घेऊन एकट्यानं गोष्ट सांगितल्यासारखं गायचं संगीत. चांगलं असतं, मीही ऐकतो. त्यातले बाप लोक कोण? वुडी गथ्री. ओक्लाहोमाचा, १९१२ चा जन्म, धुळीच्या वादळांनी आणि मंदीनं देशोधडीला लागलेल्या लोकांची गाणी करत फिरला. जॉन प्राइन. शिकागोत पोस्टमन होता, टपाल वाटता वाटता गाणी रचायचा, १९७१ ला पहिला अल्बम आला. टाउन्स व्हॅन झँट. आयुष्यभर छोट्या छोट्या ठिकाणी गात राहिला, १९९७ मध्ये वारला.

या टाउन्सचं एक उदाहरण बघा. दोन बदमाशांची गोष्ट सांगणारं त्याचं ‘पँचो अँड लेफ्टी’ नावाचं गाणं १९७२ चं. त्याच्या स्वतःच्या आवाजात ते फार थोड्यांनी ऐकलं. १९८३ मध्ये विली नेल्सन आणि मर्ल हॅगर्डनी ते गायलं आणि अमेरिकेच्या कंट्री यादीत पहिल्या नंबरवर गेलं. पण गाणं टाउन्सचंच राहिलं. रेकॉर्डवर गीतकार म्हणून त्याचं नाव छापलं गेलं, आणि आज आमच्या हापिसातला, टेक्सास कधी न पाहिलेला पोरगाही ‘मूळ टाउन्सचं आहे हं’ असं ऐकवतो.

आता हाच पोरगा, पुण्यापासून दोनशे किलोमीटरवर जन्मलेल्या माणसाचं गाणं ऐकताना ‘रॉ फोक व्हाइब’ म्हणतो. पोस्टमननं लिहिलं तर तो सिंगर-साँगरायटर. कोळशाच्या वखारीत काम केलेल्यानं लिहिलं तर व्हाइब!

‘इंडिपेंडंट’ हा शब्दही असाच. आपल्याकडे तो आता एक स्टाइल झालाय. मोठ्या कंपनीनं घेतलं नाही म्हणून नाही, तर घ्यायला आली तरी आम्ही जाणार नाही, असा थाट असतो. असू दे. पण ज्याच्यामागे ना कंपनी, ना स्टुडिओ, ना एजंट, आणि तरीही ज्याची गाणी विदर्भापासून मुंबईपर्यंत लोकांना पाठ, त्याच्याइतका इंडिपेंडंट कोण? ही गाणी वह्यांमध्ये उतरवून घेतलेली असायची. दादरला ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर जो पुस्तकांचा-कॅसेटचा बाजार भरतो, त्यातून पसरायची. कुठल्याही मार्केटिंग टीमला जमणार नाही असं वितरण होतं ते.

आणि गोष्ट सांगणारी गाणी म्हणाल तर आपल्याकडे कमी नाहीत. अण्णा भाऊ साठ्यांची ‘माझी मैना’ घ्या. पोटासाठी मुंबईला आलेला गडी, गावाकडं राहिलेली बायको. सुरुवातीला वाटतं विरहाचं गाणं आहे. मग त्याच्या डोळ्यांनी मुंबई दिसायला लागते, पैसेवाल्यांची आणि फाटक्यांची. आणि शेवटाकडे येता येता ती मागं राहिलेली मैना म्हणजे बेळगाव-कारवारचा तुटलेला मुलूख होते. संयुक्त महाराष्ट्राची सगळी मागणी एका नवरा-बायकोच्या ताटातुटीत बसवलीय त्या माणसानं. शाळेत जेमतेम पाऊल टाकलेल्या माणसानं. असं गाणं नॅशविलमध्ये झालं असतं तर त्यावर तीन पॉडकास्ट आणि एक डॉक्युमेंटरी निघाली असती.

आमच्या मोरगावची एक गोष्ट

मी मोरगावचा. बारामती तालुका, कऱ्हेकाठ, अष्टविनायकांतला पहिला गणपती. पुण्याहून सासवड-जेजुरी करत घरी येतो, म्हणजे आधी खंडोबा लागतो, मग मोरेश्वर. दोन्हीकडे गाण्यांची काही कमी नाही.

‘सुखकर्ता’ची आरती रामदासांना मोरगावातच सुचली, असं आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. ते बाजूला ठेवा. पण ती आरती अख्ख्या महाराष्ट्राला पाठ आहे. अर्थ न कळता पाठ आहे, अर्धे लोक शब्दही चुकीचे म्हणतात. आणि तरीही शेवटच्या कडव्यात ‘दास रामाचा’ आलं की कवीचं नाव प्रत्येकाच्या तोंडून जातंच. साडेतीनशे वर्षं झाली. ना कॉपीराइट, ना नोंदणी, ना वकील. पण एका माणसाचं नाव काही सुटलं नाही. मोरया गोसावींची पदंही आमच्याकडे म्हटली जातात. चिंचवडहून भाद्रपदात आणि माघात पालखी येते तेव्हा तर म्हटली जातातच. त्यांतही त्यांचं नाव येतं.

याला म्हणतात नाममुद्रा. ‘तुका म्हणे’, ‘नामा म्हणे’, ‘एका जनार्दनी’. आपल्या जुन्या कवींना माहीत होतं की गाणं कागदावर राहणार नाही, तोंडातोंडी जाणार. मग नाव गाण्याच्या आतच विणून टाकलं, वृत्तात बसवून. म्हणजे नाव काढायला गेलात तर ओळ मोडते. सॉफ्टवेअरवाल्यांसाठी सांगायचं तर कोणी कोड लिहिला हे वेगळ्या फाइलमध्ये न ठेवता कोडच्या आतच ठेवलं, आणि ते काढलं तर प्रोग्राम चालत नाही अशी सोय केली. एवढं पक्कं काम आपण तरी करतो का?

शाहिरांनी हीच पद्धत पुढं चालवली. पठ्ठे बापूराव म्हणजे रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, १८६६ ते १९४५. जात सोडून तमाशात गेले, पवळाबरोबर फड गाजवला, लावणीत स्वतःचं नाव गुंफून ठेवलं. वामनदादांच्याही कितीतरी गाण्यांत ‘वामन’ येतो. बहुतेक वेळा शेवटच्या कडव्यात.

आणि घोळ नेमका इथं होतो. कॅसेट आली, गाणं पाच मिनिटांत बसवायचं, शेवटचं कडवं उडवा. रील आलं, तीस सेकंदात बसवायचं, ध्रुवपद ठेवा, बाकी उडवा. म्हणजे जिथं सही होती तेवढाच भाग कापून फेकला आणि मग म्हणायचं, कुणाचं आहे माहीत नाही बुवा, पारंपरिक असेल. चेकवरची सही खोडायची आणि मग चेक बेवारस आहे म्हणून आपल्या खात्यात भरायचा, त्यातलाच प्रकार.

मग खरं पारंपरिक काहीच नसतं का?

असतं की. आमच्याकडे लग्नानंतर जागरण-गोंधळ असतो. वाघ्या-मुरळी रात्रभर खंडोबाची, म्हाळसेची, बाणाईची कथा गाऊन सांगतात. बाणाईपायी देव धनगराच्या घरी चाकरी करतो, म्हाळसा घरी फणफणते, सगळा संसार. ती गाणी कुणी पहिल्यांदा रचली हे कुणालाच सांगता येणार नाही. प्रत्येक पिढीनं त्यात भर घातलीय. जात्यावरच्या ओव्याही तशाच. त्यांना पारंपरिक म्हणा, माझी काही हरकत नाही.

पण तिथंही काम करायची रीत असते. पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ या दोघांनी सहकाऱ्यांना घेऊन खेडोपाडी फिरून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. ओवी तर खरोखरच कुणा एकीची नसते. तरी त्यांनी प्रत्येक ओवीसोबत ती सांगणाऱ्या बाईचं नाव लिहिलं, गाव लिहिलं. आज तो सगळा संग्रह इंटरनेटवर आहे आणि कुठल्या गावच्या कुठल्या बाईनं काय गायलं ते तुम्ही बघू शकता. जिथं लेखक शोधणं अशक्य होतं, तिथं त्यांनी गाणारीचं नाव जपलं. आणि आपण? जिथं लेखकाचं नाव पुस्तकावर छापलेलं आहे, गाण्याच्या आत आहे, फोनवर एका मिनिटात सापडतं, तिथं आपल्याला कंटाळा येतो.

काही ठरलेले युक्तिवाद

हा विषय काढला की ठरलेली उत्तरं येतात. एकेक बघू.

पहिलं : ‘अरे, गाणं लोकांचं झालं, कवीचं नाव विसरलं गेलं, यातच कवीचं मोठेपण!’ ऐकायला भारी वाटतं. पण मग तुकारामाचे अभंग लोकांचे झाले नाहीत का? त्यांच्याइतकं लोकांचं तर काहीच झालं नसेल. नाव विसरलं का कुणी? हे मोठेपण ठरावीक माणसांनाच का मिळतं? आणि हे सांगणारे गृहस्थ स्वतःच्या पीपीटीच्या पहिल्या स्लाइडवर नाव, हुद्दा आणि फोटो टाकायला विसरत नाहीत.

दुसरं : ‘चाली तर उसन्या आहेत. सिनेमाच्या चालीवर शब्द बसवले, यात ओरिजिनल काय?’ हे संगीतातलं कळणारे लोक म्हणतात म्हणून जास्त राग येतो. वुडी गथ्रीनं काय केलं? सर्रास जुन्या चाली उचलल्या. त्याच्या सगळ्यात प्रसिद्ध गाण्याची चाल कार्टर फॅमिलीच्या आधीच्या एका गाण्यावरून आलेली आहे. त्याला कुणी चोर म्हणत नाही, ‘फोक प्रोसेस’ म्हणतात. बरं, अमेरिका राहू दे. आपली संगीत नाटकं काढा. किर्लोस्करांपासून जुन्या नाटकांची छापील पुस्तकं बघा, पदांच्या डोक्यावर लिहिलेलं असतं, ‘चाल : अमुक अमुक’. लावणीची चाल, कानडी चाल, ठुमरीची चाल. त्याला आपण मराठी रंगभूमीचं वैभव म्हणतो आणि नाटककाराचे पुतळे उभारतो. मग वामनदादांनी लोकांच्या ओठांवर आधीच असलेली चाल घेतली, कारण ती शिकवायला वाजंत्री लागत नाही, दुसऱ्या दिवशी अख्खी वस्ती म्हणू शकते, तर ती नक्कल कशी?

तिसरं : ‘ती प्रचाराची गाणी आहेत, कला वेगळी.’ बॉब डिलनला २०१६ मध्ये साहित्याचं नोबेल मिळालं तेव्हा हीच मंडळी स्टेटस टाकत होती. त्याची नाव झालेली सुरुवातीची गाणी कशावर होती? युद्धावर, वर्णभेदावर. तिकडचं ते प्रोटेस्ट साँग आणि इकडचं ते प्रचारगीत, असं का?

चौथं : ‘रेकॉर्डिंगच धड नाही, ऐकवत नाही.’ हे मात्र खरं आहे. पण रेकॉर्डिंग धड का नाही? स्टुडिओचं भाडं कुणी भरायचं होतं? आणि जुन्या ब्लूजवाल्यांच्या खरखरत्या रेकॉर्ड ‘ऑथेंटिक’ म्हणून ऐकताना हा कान कुठं जातो?

आता अवघड मुद्दा

वरचे चारही युक्तिवाद एकदम पोकळ आहेत आणि तरीही टिकून आहेत. कारण खरं कारण वेगळंच आहे आणि ते कुणी बोलत नाही. ते कारण जात आहे.

गाण्यात ‘भीम’ असला की ते ‘त्यांचं’ गाणं असतं. १४ एप्रिलला ते लाऊडस्पीकरवर लागलं की सोसायटीच्या ग्रुपवर डेसिबलची चर्चा सुरू होते. गणपतीत दहा दिवस ती चर्चा कुठं जाते कोण जाणे. (मी अष्टविनायकाच्या गावचा आहे, मला बोलायचा हक्क आहे :-)) आणि त्याच माणसाच्या ज्या गाण्यात ‘भीम’ नाही, ठेका आहे, नाचता येतं, ते मात्र ‘आपलं’ लोकगीत होतं. त्यासाठी फक्त एकच करावं लागतं, लिहिणाऱ्याचं नाव काढायचं. नाव ठेवलं की मग तो कोण, कुठला, आणखी काय लिहिलंय, हे प्रश्न येतात. ‘पारंपरिक’ लिहिलं की कुठलाच प्रश्न येत नाही. गाणं धुऊन, इस्त्री करून स्टेजवर आणता येतं.

प्रत्येक वेळी हे कुणी ठरवून करतं असं मी म्हणत नाही. त्या बँडमधल्या पोरांनीही केलं नसणार. त्यांनी गाणं कुठून तरी ऐकलं, तिथंही नाव नव्हतं. पण नाव पहिल्यांदा कुणीतरी काढलेलं असतं आणि पुढच्या प्रत्येकानं न विचारता तेच पुढं ढकललेलं असतं. कुणी मुद्दाम केलं नाही आणि तरी प्रत्येक वेळी नाव त्याच वस्तीतल्या माणसाचं जातं, तर याला योगायोग म्हणायचं का? टेस्टिंगमध्ये प्रत्येक वेळी एकाच मॉड्यूलमध्ये बग निघाला तर आपण नशिबाला दोष देत नाही. डिझाइन बघतो.

फुकट घ्या, पण...

आपल्या धंद्यात एमआयटी लायसन्स नावाचा प्रकार आहे. जगातला कितीतरी कोड त्यावर चालतो. काय म्हणतं ते? घ्या, वापरा, बदला, विका, आम्हाला एक पैसा देऊ नका. फक्त एक अट, ज्यानं लिहिलं त्याची नोटीस सोबत ठेवा. बस. कंपन्यांचे लीगलवाले ही एक अट पाळली जाते का ते बघायला टूल्स विकत घेतात, रिलीजच्या आधी प्रत्येक लायब्ररीची यादी तपासतात. चार ओळींच्या जावास्क्रिप्टसाठी आपण हे करतो. आणि आयुष्यभराच्या कवितेसाठी एक ओळ स्लाइडवर टाइप होत नाही?

गाण्यांच्या बाबतीत तर ही नुसती सभ्यतेची गोष्टही नाही. कायदा आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क टिकतो. मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून मोजायचं. म्हणजे वामनदादांच्या गाण्यांवर २०६४ संपेपर्यंत. अण्णा भाऊ १९६९ मध्ये गेले, त्यांच्यावर २०२९ संपेपर्यंत. शिवाय याच कायद्याच्या ५७ व्या कलमात, हक्क विकले तरी ‘हे मी लिहिलंय’ असं सांगायचा लेखकाचा अधिकार वेगळा जपलेला आहे. आणि २०१२ च्या दुरुस्तीनं गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा त्यांच्याकडून लिहून घेता येणार नाही अशी सोय केली. कागदावर सगळं आहे. पण ‘पारंपरिक’ हा शब्द लिहिला की हे सगळं एका झटक्यात रद्द होतं. कारण पारंपरिक गाण्याला वारस नसतो, रॉयल्टी नसते आणि केसही नसते. त्या दोन शब्दांची ही खरी किंमत आहे, आणि ती कुणाच्या तरी घरातून वसूल होते.

मग करायचं काय?

मोठं काही नाही. मोर्चा काढा म्हणत नाहीये.

ऑफिसच्या कार्यक्रमाची स्लाइड तुमच्याकडे आली तर ‘पारंपरिक’ लिहिण्याआधी पाच मिनिटं शोधा. कवी सापडला तर नाव लिहा. नाहीच सापडला तर ‘कवी शोधतोय, माहीत असल्यास सांगा’ असं लिहा. तो शब्द ‘पारंपरिक’पेक्षा शंभर पटींनी प्रामाणिक आहे.

बँड असेल तर शेवटचं कडवं गा. दीड मिनिट जास्त जाईल. गिटारचा सोलो तेवढा कमी करा.

यूट्यूबवर, स्ट्रीमिंगवर गाणं चढवताना गीतकाराचा रकाना असतो. तो भरा. तुम्ही कव्हर केलंय म्हणून तिथं तुमचं नाव येत नाही. आणि दुसऱ्याच्या व्हिडिओवर चुकलेलं दिसलं तर खाली लिहा. शांतपणे, पुराव्यासकट, आणि दुरुस्त होईपर्यंत. आपण परक्यांच्या ओपन सोर्स प्रोजेक्टवर एका स्वल्पविरामासाठी पुल रिक्वेस्ट टाकतो, तेव्हा एवढं जमायला हरकत नाही.

आणि गावी गेलात तर वह्या शोधा. गायनपार्टीत गाणाऱ्या, आता सत्तरी ओलांडलेल्या कुठल्या ना कुठल्या काकांच्या ट्रंकेत हातानं उतरवलेली गाणी असतात. कवीच्या नावासकट असतात. विचारून, परवानगी घेऊन फोटो काढा, कुणी कधी उतरवलं ते लिहून ठेवा. ही कामं करणारे अभ्यासक आहेत, त्यांच्यापर्यंत पोचवा. अशा वह्यांचा बॅकअप कुणीही घेतलेला नसतो. घरातलं माणूस गेलं की ट्रंक रद्दीत जाते, आणि मग ते गाणं खरोखरच पारंपरिक होतं, कारण कवी सांगणारं कुणी उरलेलं नसतं.

त्या कार्यक्रमानंतर मी आयोजकांना मेल टाकली. कवीचं नाव, संग्रहांची नावं, जन्म-मृत्यूच्या तारखा, सगळं दिलं. ‘थँक्स फॉर शेअरिंग’ असं उत्तर आलं. कार्यक्रमाचा व्हिडिओ कंपनीच्या इंट्रानेटवर अजून आहे आणि स्लाइडवर अजून ‘पारंपरिक’च आहे. उद्या सोमवार. दुसरी मेल टाकणार आहे, आणि या वेळी लीगलला सीसी करून.